दोन पगार, शून्य टीडीएस आणि पन्नास रुपयांत भरलेले रिटर्न

जुलै २०२५ च्या अखेरीस नाशिकमधल्या एका खासगी रुग्णालयातील परिचारिकेला एवढेच हवे होते की आयकराचे रिटर्न कमी पैशांत भरून व्हावे. तिच्याकडे तीन दर आले होते. एका सनदी लेखापालाच्या कार्यालयात दोन हजार रुपये सांगितले. झेरॉक्सच्या दुकानात बसणारा एक जण पाचशेत करून देणार होता. त्याला पॅन, आधार आणि मोबाइलवर येणारा ओटीपी एवढेच हवे होते. तिसऱ्याचे नाव सहकाऱ्यांकडून कळले होते. तो तीन हजार घेणार होता आणि कर ‘शून्य करून’ देणार होता.

मी सहकारी बँकेतून निवृत्त झालो आहे. दरवर्षी जून-जुलैत सोसायटीतल्या आणि ओळखीतल्या लोकांना रिटर्न भरायला बसवतो. मी कोणाचे भरून देत नाही आणि पैसेही घेत नाही. शेजारी बसतो, कीबोर्ड ज्याचा त्याच्या हातात असतो. या परिचारिकेला रुग्णालयात सगळे सिस्टर म्हणतात, म्हणून इथेही सिस्टरच म्हणतो. प्रकरण त्यांच्या संमतीने लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून आकडे गोल केले आहेत, हिशेबाची रचना मात्र तीच ठेवली आहे. पगारदार माणसाच्या रिटर्नमध्ये जिथे जिथे पाय घसरतो, ती जवळजवळ सगळी ठिकाणे या एका प्रकरणात आली, म्हणून ते सविस्तर मांडावेसे वाटले.

परिस्थिती अशी होती. आर्थिक वर्ष २०२४-२५. एप्रिल ते सप्टेंबर सिस्टर एका रुग्णालयात महिना ५८,००० रुपयांवर होत्या. ऑक्टोबरपासून दुसऱ्या रुग्णालयात ७२,००० वर लागल्या. दोन्हीकडे टीडीएस, म्हणजे पैसे हातात येण्याआधीच कापून घेतला जाणारा कर, कापला गेला नव्हता. बँकेतल्या एफडीचे वर्षाचे व्याज १६,०००, बचत खात्याचे ३,००० आणि एका पतसंस्थेतल्या ठेवीचे ६,०००. शेअर नाहीत, म्युच्युअल फंड नाही, घरभाड्याचे उत्पन्न नाही. राहायला सासऱ्यांचे घर, त्यामुळे घरभाडे भत्त्याच्या सुटीचा प्रश्न नाही.

त्यांची समजूत साधी होती. ‘काका, दोन्हीकडे टॅक्स कापलाच नाही, म्हणजे मला टॅक्स लागतच नाही ना? फक्त फॉर्म भरायचाय.’

फुकट भरायची सोय कुठे आहे

आयकर विभागाच्या ई-फायलिंग पोर्टलवर रिटर्न भरायला एक पैसाही लागत नाही. उत्पन्न पाच लाख असो वा पन्नास लाख, तिथे शुल्क नाही. पत्ता इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन. शेवटी ‘गव्ह डॉट इन’ आहे का, हे प्रत्येक वेळी बघायचे, कारण रिफंडच्या नावाने खोट्या लिंक पाठवणारे याच मोसमात जागे होतात. हे पोर्टल सध्याच्या रूपात जून २०२१ मध्ये सुरू झाले. सुरुवातीचे महिने लोकांना त्याचा फार त्रास झाला आणि ‘सरकारी साइट चालत नाही’ हा ग्रह तेव्हापासून पक्का बसला. आज साधे पगारदार रिटर्न तिथे तासाभरात होते, कागद जवळ असले तर.

सिस्टरनी त्याआधी एका खासगी संकेतस्थळावर प्रयत्न केला होता. पहिल्या पानावर ‘मोफत’ लिहिलेले होते. सगळी माहिती भरून झाल्यावर, दोन नोकऱ्या आहेत असे दिसताच, तिथे हजाराच्या घरातले शुल्क पुढे आले. अशा संकेतस्थळांत चांगली सेवा देणारीही आहेत. पण सगळी माहिती आपणच टाइप करायची आणि शेवटच्या बटणाला पैसे मोजायचे, यापेक्षा तेच टाइपिंग सरकारी पोर्टलवर केलेले काय वाईट?

लॉगिन कोणाच्या हातात

काम सुरू होण्याआधीच अडले. पासवर्ड सिस्टरकडे नव्हता. आदल्या वर्षी जुन्या रुग्णालयातल्या बऱ्याच जणींची रिटर्न एकाच माणसाने भरली होती आणि पोर्टलवर ईमेल नि मोबाइल त्याने स्वतःचे टाकले होते. म्हणजे आयकर विभागाची एखादी नोटीस आली असती तर ती त्याच्या ईमेलवर गेली असती, सिस्टरना पत्ताही लागला नसता.

मला हा भाग सगळ्यांत गंभीर वाटतो. बँकेत असताना मी लोकांना सांगत असे की सही केलेला कोरा चेक कोणाला देऊ नका. पोर्टलचा पासवर्ड दुसऱ्याकडे ठेवणे त्याच जातीचे आहे. रिटर्नवर जबाबदारी सही करणाऱ्याची असते, टाइप करणाऱ्याची नाही.

पासवर्ड विसरल्याच्या पर्यायातून आधार ओटीपीने नवा पासवर्ड घेता येतो. पण सिस्टरच्या आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक लग्नाआधीचा, कधीचाच बंद झालेला. मग आधार केंद्रात जाऊन क्रमांक बदलून घेतला. त्या वेळी त्याचे शुल्क ५० रुपये होते, ऑक्टोबर २०२५ पासून ते ७५ झाले. संपूर्ण प्रकरणात रिटर्न भरण्यापायी झालेला खर्च एवढाच. क्रमांक अद्ययावत व्हायला काही दिवस गेले. रिटर्नची मुदत त्या वर्षी ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर केलेली होती, त्यामुळे घाई नव्हती. एरवी हेच काम जुलैच्या शेवटच्या आठवड्यात निघाले असते तर घाम फुटला असता. म्हणून सांगतो, आधारचा मोबाइल चालू आहे की नाही हे मे महिन्यातच बघून ठेवावे.

लॉगिन झाल्यावर पहिले काम केले ते प्रोफाइलमध्ये स्वतःचा मोबाइल आणि ईमेल टाकण्याचे. मग आदल्या वर्षीचे रिटर्न उतरवून वाचले. पगार बरोबर, बँक खाते त्यांचेच, कुठलीही खोटी वजावट नाही. हे तपासणे आवश्यक होते, कारण त्यात काही भलतेसलते निघाले असते तर आधी ते निस्तरावे लागले असते.

आधीच भरून आलेला आकडा

पोर्टलवर फॉर्म उघडला की बरीच माहिती आधीच भरून येते. नाव, पत्ता, बँक खाते, पगार, व्याज. सिस्टरच्या फॉर्ममध्ये पगार ४,३२,००० दिसत होता आणि खाली कर शून्य. सगळे हिरवे, सगळे ठीक. इथे नुसते पुढे-पुढे करत गेले असते तर दहा मिनिटांत रिटर्न दाखल झाले असते. पाचशे रुपयांत काम करणारा नेमके हेच करणार होता. त्याने पगाराची पावती मागितलीच नव्हती.

४,३२,००० म्हणजे ७२,००० गुणिले ६. हा फक्त दुसऱ्या रुग्णालयाचा पगार. पहिल्या रुग्णालयातले ३,४८,००० कुठेच नव्हते. पहिल्या ठिकाणी कर कापला गेला नव्हता, त्यामुळे फॉर्म सोळा, म्हणजे पगार आणि कापलेल्या कराचे मालकाने द्यायचे प्रमाणपत्र, तोही दिला गेला नव्हता. कर कापलाच नसेल तर मालकाने ते प्रमाणपत्र देण्याचा प्रश्न येत नाही. त्या पगाराची नोंद वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्येही आलेली नव्हती.

सिस्टर थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या. ‘काका, त्यांना दिसतच नाहीये तर…’

वाक्य त्यांनी पूर्ण केले नाही. हा विचार कोणाच्याही मनात येईल आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. मी त्यांना दोन गोष्टी दाखवल्या. एक, त्यांचे पीएफचे पासबुक. त्यात पहिल्या रुग्णालयाचे सहा महिन्यांचे हप्ते नावानिशी होते. दुसरे, बँकेचे स्टेटमेंट, ज्यात दर महिन्याला ‘सॅलरी’ म्हणून जमा झालेली रक्कम. माहिती आज एआयएसमध्ये नाही म्हणजे ती कुठेच नाही असे होत नाही. मालकाने उशिरा विवरण भरले की ती नंतरही येऊन बसते. आणि न आली तरी रिटर्नच्या शेवटी जी घोषणा असते, ती ‘माझे उत्पन्न एवढे आहे’ अशी असते. ‘तुम्हाला दिसले तेवढे आहे’ अशी नसते.

त्यांनी पहिल्या रुग्णालयाच्या सहा पगारपावत्या मोबाइलमधून शोधून काढल्या. पतसंस्थेचे व्याजही एआयएसमध्ये नव्हते, ते पासबुकावरून घेतले. बँकेच्या एफडीवर टीडीएस नव्हता, कारण त्या वर्षी बँकेला वर्षाला ४०,००० पर्यंतच्या व्याजावर टीडीएस कापावा लागत नसे. एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा ५०,००० झाली. टीडीएस कापला नाही याचा अर्थ व्याज करमुक्त आहे, हा गैरसमज मी बँकेत तीस वर्षे ऐकला आणि तो अजून तसाच टिकून आहे.

सात लाखांच्या पलीकडे

आता खरा हिशेब. दोन्ही पगार मिळून ७,८०,०००. कर मोजण्याच्या दोन प्रणाली आहेत, नवी आणि जुनी. नव्या करप्रणालीत प्रमाणित वजावट, म्हणजे पगारातून सरसकट वजा होणारी रक्कम, ७५,०००. ही वजावट वर्षाला एकदाच मिळते, नोकऱ्या दोन असल्या तरी. दोन्ही रुग्णालयांनी आपापल्या परीने ती गृहीत धरली होती, शिवाय शून्य कराचा टप्पा आणि सूटही दोघांनी स्वतंत्रपणे धरली होती. कर न कापला जाण्याचे कारण हेच. पहिल्याने ५८,००० गुणिले बारा करून बघितले, ६,९६,००० आले, वजावट जाऊन सात लाखांच्या आत. दुसऱ्याने आपले ४,३२,००० बघितले. दोघांपैकी कोणीही नियम मोडला नाही. आणि पूर्ण वर्षाचा पगार एकत्र कोणीच पाहिला नाही.

७,८०,००० वजा ७५,००० म्हणजे ७,०५,०००. त्यात व्याजाचे २५,००० मिळवले की ७,३०,०००.

आर्थिक वर्ष २०२४-२५ साठी नव्या प्रणालीत तीन लाखांपर्यंत कर नाही, तीन ते सात लाखांवर ५ टक्के, सात ते दहा लाखांवर १० टक्के. उत्पन्न सात लाखांपर्यंत असेल तर कलम ८७ए खाली २५,००० पर्यंत सूट मिळून कर शून्य होतो. सात लाखांच्या वर गेले की ती सूट जाते. तेव्हा सिस्टरचा कर असा: चार लाखांवर २०,०००, वरच्या ३०,००० वर ३,०००, एकूण २३,०००. त्यावर ४ टक्के उपकर ९२०. म्हणजे २३,९२०.

इथे एक बारकावा आहे, तो फार थोड्या लोकांना माहीत असतो. सात लाखांच्या किंचित वर गेलेल्या माणसावर एकदम वीस हजारांचा बोजा पडू नये म्हणून कायद्यात सीमांत सवलत ठेवली आहे. सात लाखांच्या वर जेवढे उत्पन्न, त्यापेक्षा जास्त कर घ्यायचा नाही. सिस्टरना फक्त पगार असता तर उत्पन्न ७,०५,००० झाले असते आणि कर ५,००० अधिक उपकर, म्हणजे ५,२०० एवढाच लागला असता. ही सवलत साधारण ७,२२,२०० पर्यंत कामाला येते. त्याच्या पुढे नेहमीचा हिशेबच कमी येतो. सिस्टरचे उत्पन्न ७,३०,०००, म्हणजे सवलतीच्या पट्ट्याबाहेर. २५,००० च्या व्याजामुळे कर ५,२०० वरून २३,९२० वर गेला. व्याजाचा तीन चतुर्थांश भाग करात गेला, असेच म्हणायचे.

हे ऐकून त्यांना वाईट वाटले आणि मलाही. करटप्प्यांच्या कडेवर असलेल्या माणसाला अशी झळ बसते, हे खरेच आहे. पण यावर इलाज वर्ष संपण्याआधी असतो. ३१ मार्च उलटल्यावर आकडा बदलण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे खोटे लिहिणे.

जुनी प्रणाली तपासली का? तपासली, अंदाजावर सोडली नाही. पोर्टलवर लॉगिन न करताही वापरता येणारे करगणक आहे, त्यात दोन्ही प्रणालींची तुलना दिसते. जुन्या प्रणालीत सिस्टरच्या खऱ्या वजावटी अशा होत्या: प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, पीएफचे २१,६०० आणि विम्याचा हप्ता २४,००० मिळून ८०सी खाली ४५,६००, आरोग्य विम्याचे १४,०००, बचत खात्याच्या व्याजाचे ३,०००. एकूण ८,०५,००० मधून हे सगळे जाऊन उरले ६,८९,९००. त्यावर उपकरासह कर ५२,४९९. नव्या प्रणालीपेक्षा दुपटीहून जास्त. गृहकर्ज नाही, घरभाडे नाही, ८०सी अर्धीही भरलेली नाही, अशा माणसाला जुनी प्रणाली सहसा परवडत नाही. नवी प्रणाली आपोआप निवडलेलीच असते. जुनी हवी असेल तर व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्याला रिटर्नमध्येच तसे सांगता येते, पण रिटर्न मुदतीत भरलेले असावे लागते.

तीन हजारांत शून्य

मग तो तिसरा माणूस कर शून्य कसा करणार होता? त्याने सिस्टरच्या सहकाऱ्याला जी पद्धत सांगितली होती ती सिस्टरच्या आकड्यांना लावून पाहिली. जुनी प्रणाली निवडायची. त्यात उत्पन्न पाच लाखांपर्यंत आणले की ८७ए ची सूट मिळून कर शून्य होतो. ६,८९,९०० वरून पाच लाखांवर यायला १,८९,९०० ची वजावट कमी पडते. ८०सी दीड लाखापर्यंत फुगवायची, म्हणजे १,०४,४०० जास्तीचे. उरलेले ८५,५०० एखाद्या राजकीय पक्षाला देणगी दिल्याचे कलम ८०जीजीसी खाली दाखवायचे. ज्या बाईने आयुष्यात कुठल्या पक्षाला शंभर रुपये दिले नाहीत, तिच्या नावाने साडेपंच्याऐंशी हजारांची देणगी.

हे प्रकार वर्षानुवर्षे चालले. १४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागाने अशी खोटी रिटर्न भरून देणाऱ्यांविरुद्ध देशभरात सुमारे दीडशे ठिकाणी तपासणी केली. त्याआधीच्या चार महिन्यांत जवळपास ४०,००० करदात्यांनी सुधारित विवरणे भरून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतल्याचे विभागाने तेव्हा सांगितले. यातले बरेच जण नोकरदार होते, तुमच्याआमच्यासारखे, ज्यांना कोणीतरी ‘सगळेच करतात’ म्हणून पटवले होते. उत्पन्नाची चुकीची माहिती दिल्याचे सिद्ध झाले तर बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड होऊ शकतो, कर आणि व्याज वेगळे. शिवाय २०२५ च्या फॉर्ममध्ये जुन्या प्रणालीतल्या वजावटींचे तपशील द्यावे लागतात. पॉलिसीचा क्रमांक, विमा कंपनीचे नाव, देणगीच्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. नुसता आकडा टाकून निसटता येत नाही.

सिस्टरनी त्या माणसाला नकार कळवला. त्याने दिलेले उत्तर इथे लिहिण्याजोगे नाही.

व्याज आणि भरणा

कर २३,९२०, पण एवढ्यावर भागत नाही. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर दहा हजार किंवा त्याहून जास्त निघत असेल तर तो आगाऊ कर म्हणून वर्षभरात हप्त्यांनी भरायचा असतो. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. पगारदारांना याची सवय नसते, कारण त्यांचा कर मालक कापतो. इथे कोणीच कापला नव्हता, म्हणून व्याज लागले. हप्ते चुकल्याबद्दल कलम २३४सी खाली १,२०२ रुपये. आणि १ एप्रिल २०२५ पासून कर भरेपर्यंत कलम २३४बी खाली दरमहा १ टक्का, ऑगस्टमध्ये भरला म्हणून पाच महिन्यांचे १,१९५. महिन्याचा तुकडा असला तरी तो पूर्ण महिना धरतात.

मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढली म्हणून अनेकांनी काम पुढे ढकलले. पण मुदतवाढ असते ती रिटर्नला. २३४बी चे व्याज तिच्यासाठी थांबत नाही. सिस्टरसाठी प्रत्येक महिन्याची किंमत २३९ रुपये होती. कर भरायचा आहे असे ज्याला माहीत आहे, त्याने तो लवकर भरून टाकावा.

कर, उपकर आणि व्याज मिळून २६,३१७, दहाच्या पटीत २६,३२०. हे सगळे आकडे पोर्टल स्वतः काढते. आम्ही मात्र आधी कागदावर काढले होते आणि दोन्ही जुळले. मला तो क्षण मोलाचा वाटला, कारण सिस्टरना स्क्रीनवरचा प्रत्येक आकडा कुठून आला ते सांगता येत होते.

फॉर्म आयटीआर-१, म्हणजे सहज. निवासी व्यक्ती, एकूण उत्पन्न पन्नास लाखांपर्यंत, पगार, घर आणि व्याजासारखे उत्पन्न, एवढ्यांना तो चालतो. आधीच भरून आलेला पगार ४,३२,००० होता, तो खोडून ७,८०,००० केला. व्याजात एफडी, बचत खाते आणि पतसंस्था यांची रक्कम वेगवेगळ्या ओळींत. जुनी प्रणाली हवी का, या प्रश्नाला ‘नाही’.

कर भरताना जपायच्या गोष्टी दोनच. करनिर्धारण वर्ष, म्हणजे उत्पन्नाच्या वर्षानंतरचे वर्ष, २०२५-२६ निवडायचे. उत्पन्नाचे वर्ष २०२४-२५ असते म्हणून लोक चुकून तेच निवडतात आणि पैसे भलत्या वर्षात जमा होतात. आणि भरण्याचा प्रकार स्वयंनिर्धारण कर, म्हणजे ३००. आगाऊ कराचा १०० नाही. फॉर्ममधूनच ‘आता भरा’ निवडले तर ही गफलत टळते, पोर्टल योग्य वर्ष आणि प्रकार स्वतःच घालते. नेट बँकिंगने भरले. चलनाचा तपशील फॉर्ममध्ये आपोआप आला, तो पावतीशी ताडून पाहिला.

मग आधार ओटीपीने पडताळणी. रिटर्न दाखल केल्यापासून ३० दिवसांत पडताळणी केली नाही तर पडताळणीचा दिवसच दाखल केल्याचा दिवस धरतात, आणि तो मुदतीनंतरचा असेल तर रिटर्न उशिराचे ठरते. ओटीपी चालत नसेल तर बँक खात्यातून कोड मिळवता येतो किंवा सही केलेली पोचपावती बेंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राला टपालाने पाठवता येते. सिस्टरचा ओटीपी त्यांच्या स्वतःच्या मोबाइलवर आला आणि तो त्यांनी स्वतः टाकला.

पाचशेवाल्याकडून रिटर्न गेले असते तर काय झाले असते, याचा विचार मी नंतर केला. कर शून्य दाखवून रिटर्न गेले असते. पुढे कधीतरी पहिल्या रुग्णालयाची नोंद समोर आली असती. तेव्हा अद्ययावत विवरण, म्हणजे राहिलेले उत्पन्न दाखवणारे नंतरचे रिटर्न, भरायचे म्हटले तर करनिर्धारण वर्ष संपल्यावर पहिल्या बारा महिन्यांत कर आणि व्याजाच्या वर २५ टक्के जास्त, त्यानंतरच्या वर्षी ५० टक्के. नोटीस आधी पोचली असती तर दंडाचा विषय वेगळाच. आणि ती नोटीस कोणाच्या ईमेलवर गेली असती, ते वर लिहिलेच आहे.

सनदी लेखापालाचे दोन हजार जास्त होते का? माझ्या मते नाही. त्या कार्यालयाने पहिल्या भेटीत ‘दोन्हीकडच्या पगारपावत्या आणा’ असे सांगितले होते, म्हणजे काम नीट करणारे लोक होते. घर किंवा जमीन विकली आहे, शेअर बाजारात फ्युचर्स-ऑप्शन्स केले आहेत, परदेशात उत्पन्न आहे, स्वतःचा व्यवसाय आहे, किंवा नोटीस हातात आहे, अशा वेळी जाणकाराला पैसे द्यावेत आणि कुरकुर न करता द्यावेत. पण नुसता पगार आणि व्याज असलेल्या माणसाला ते द्यावेच लागतात असे नाही. अडले तर विभागाची १८०० १०३ ००२५ ही निःशुल्क मदतवाहिनी आहे आणि अनेक आयकर कार्यालयांत आयकर सेवा केंद्रही असते. सिस्टरनी पडताळणीबद्दलची एक शंका फोनवर विचारली. थांबावे लागले, पण उत्तर नीट मिळाले.

काही आठवड्यांनी कलम १४३(१) खालची सूचना त्यांच्या ईमेलवर आली. भरलेला कर आणि विभागाचा हिशेब जुळला, देणे शून्य, येणे शून्य.

त्यानंतर आम्ही पुढच्या वर्षाचे पाहिले. वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली की नव्या मालकाला फॉर्म १२बी देऊन आधीच्या पगाराची माहिती देता येते. तो दिला असता आणि व्याजाचे उत्पन्नही कळवले असते, तर कर सहा महिन्यांत विभागून, महिन्याला साधारण चार हजारांप्रमाणे कापला गेला असता आणि व्याजाचे २,३९७ रुपये जवळजवळ सगळे वाचले असते. सिस्टरना तो कोणी मागितला नव्हता आणि त्यांना तो माहीत नव्हता. नोकरी बदलणाऱ्या परिचारिका, शिक्षक, कारखान्यातले सुपरवायझर, कोणालाच तो माहीत नसतो. मनुष्यबळ विभागांनी रुजू होताना भरायच्या कागदांतच तो ठेवला तर किती लोकांचा त्रास वाचेल!

आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी टप्पे बदलले आहेत. चार लाखांपर्यंत कर नाही आणि बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला सूट मिळून कर शून्य होतो. ७२,००० पगार वर्षभर धरला, वजावट काढली आणि व्याज मिळवले तरी सिस्टरचे उत्पन्न ८,१४,००० च्या आसपास राहते. कर लागणार नाही. रिटर्न मात्र भरावेच लागेल, कारण वजावटीआधीचे उत्पन्न चार लाखांच्या वर आहे. हे ऐकल्यावर त्यांनी विचारले, ‘मग या वेळी कागद कधीपासून जमवू?’ पतसंस्थेकडून व्याजाचा दाखला एप्रिलमध्ये घ्या, पगारपावत्या दर महिन्याला उतरवून ठेवा आणि एआयएस जूनच्या मध्यानंतर उघडा, असे मी सांगितले. त्यांच्या वॉर्डातल्या आणखी दोघींनी त्याच वर्षी रुग्णालय बदलले होते. फॉर्म १२बी ची माहिती सिस्टरनी त्यांना त्याच संध्याकाळी फोन करून दिली.